वाढीव माप

पेटी चौकटीत उतरली नाही. झालं ते एवढंच. कुणी पडलं नाही, काही फुटलं नाही, वेल्डरच्या दुकानासमोरून माणसं जात होती ती तशीच जात राहिली. वेल्डरनं एका बाजूनं धरली होती, मी दुसऱ्या बाजूनं. त्यानं पाववालीची सायकल मधोमध कापून लांबवली होती आणि हँडल व पुढचं चाक यांच्यामध्ये एक लोखंडी चौकट जोडली होती. माझी लाकडी पेटी वरून अलगद त्या चौकटीत बसायची होती. आम्ही सावकाश हात सोडले तर ती वरच राहिली, खुर्चीत न मावणारा पाहुणा खुर्चीच्या हातांवर टेकतो तशी. वेल्डरनं तळहातानं एक थाप मारली, मग आणखी एक. "काका, तुमची पेटी जेवून आलीय वाटतं," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. पाववाली हसली नाही. ती घरी पाव भाजते आणि सकाळी सायकलीवरून घरोघर पोचवते, तिला हसायला सवड कमी असते. तिनं आपला पत्र्याचा ट्रे आणला होता, तो तिनं तशाच अधांतरी पेटीत ठेवला आणि हातानं हलवून पाहिला. ट्रे आत खुळखुळला. "बाहेरून अडकतेय आणि आतून सैल आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडून कशी चुकली हो?" मी म्हणालो, हवा दमट आहे, लाकूड फुगतं. "आतूनसुद्धा?" तिनं विचारलं. मी पेटीची कड उगाच चाचपली. तिनं ट्रे काढून घेतला. "शनिवारी येते. बसली तर बसली. नाहीतर मागं प्लास्टिकचा क्रेट आहेच, इतके दिवस तोच बांधत होते." तिच्यासारख्या आणखी तिघीजणी हिची पेटी बघून आपलं ठरवणार होत्या, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं. आता पुन्हा सांगायची तिला गरज वाटली नाही.

पेटी डोक्यावर घेऊन मी घरी आलो. रिक्षा केली असती तर चाललं असतं, पण त्या दिवशी मला कुणाशी भाव करायचा नव्हता. डोक्यावर पेटी असली की समोरचं जरा कमी दिसतं, तेही बरंच होतं. लोखंड ओतायची आमची फाउंड्री बंद पडली त्याला आता बरेच दिवस झाले. माझ्याबरोबरचे काही गावाकडे गेले, काही कुठंकुठं रखवालीला लागले, एकानं झेरॉक्सचं मशीन टाकलं. मी मागच्या व्हरांड्यात माझी हत्यारं मांडून बसलो. सायकलीच्या पेट्या ही कल्पना माझी नव्हे, मुलीची. ती लांब राहते, तिथून तिनं एक फोटो पाठवला. कुणीतरी बाई लाकडी पेटीत भाजी आणि पोर दोन्ही घालून सायकल चालवतेय. "बाबा, हे तुम्ही डोळे मिटून कराल," तिनं लिहिलं होतं. मला ते वाक्य आवडलं होतं. डोळे मिटून म्हणजे काय ते आता कळत होतं. आजवर दोन पेट्या झाल्या होत्या. एक मुलीलाच पाठवली, ती कॅरिअरवर दोरीनं बांधलेली असते, तिला कशात बसायचं नसतं. दुसरी शेजाऱ्यांनी हौसेनं नेली आणि तिच्यात ते चपला ठेवतात. पाववालीची ही पहिली खरी पेटी. आणि तिकडे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, आपल्या फरशांच्या दुकानात माझ्यासाठी काउंटरची खुर्ची अडवून बसला होता. "दाजी, सोमवारपासून या. एसी आहे, बसायचं काम आहे, गिऱ्हाइकाला पांढरी आणि मळकट पांढरी यातला फरक सांगायचा, बस्स." चांगला आहे तो. मनापासून सांगत होता. म्हणूनच त्याचा फोन आला की मला दमायला होई. शनिवारी पेटी बसली नाही तर सोमवारी मी फरशांमध्ये, इतकं ते सरळ होतं, आणि ते बायकोही जाणून होती.

घरात कुणी नव्हतं. बायको इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीवर बसते, तिची त्या दिवशी दुपारची पाळी होती. मी पेटी जमिनीवर ठेवली, माझी पोलादी पट्टी लावून मापली. माप बरोबर होतं. पुन्हा मापली, पुन्हा बरोबर. मग शिवणाच्या डब्यातून बायकोची कापडी टेप काढली आणि त्या टेपनं मापली. जास्त. मी दोन्ही एकमेकींशेजारी जमिनीवर ठेवल्या आणि त्यांच्यापुढे उकिडवा बसलो. खरं तर दिसायच्या आधीच कळलं होतं. माझी पट्टी फाउंड्रीची होती. पॅटर्नवाल्याची, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्याची पट्टी. तिच्यावरचा प्रत्येक सेंटीमीटर मुळातच केसभर मोठा आखलेला असतो, एका मीटरमागे ती करंगळीच्या नखाएवढी पुढे जाते. ज्यानं हे काम केलं नाही त्याला वाटेल पट्टी खोटी आहे. ती खोटी नाही. ती लोखंडाची आहे. आम्ही लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा, तो ओल्या वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड निवताना आकसतं. म्हणून नमुना आधीच तेवढा मोठा करायचा, म्हणजे शेवटी निवलेली वस्तू मापात येते. दर वेळी हिशोब करत बसायला नको म्हणून ही पट्टी. तिच्यानं मापलं की आकसणं आपोआप धरलं जातं. माझ्या मेस्त्रींनी मला ती पहिल्या दिवशी हातात दिली तेव्हा म्हणाले होते, ही घरी नेऊ नकोस, घरातलं सगळं चुकेल. मी हसलो होतो. ते हसले नव्हते, पण ते कशालाच हसत नसत, त्यांना दातांचा त्रास होता.

बाहेर ऊन उतरत होतं. मी तसाच बसून राहिलो. चूक लहान होती, दुसरी पट्टी घेतली की सुटणारी. मला उठवत का नव्हतं मग? मी पंपांचे, झडपांचे, गटारांच्या झाकणांचे, शिवणयंत्रांच्या पायांचे नमुने केले. त्यांतला एकही नमुना म्हणजे ती वस्तू नव्हती. वस्तू नंतर व्हायची, दुसऱ्याच्या हातून, वाळूत, आगीत. बिघडली तर वाळूचा साचा भरणारा मोल्डर म्हणायचा भट्टी थंड होती, भट्टीवाला म्हणायचा वाळू ओली होती, आणि माझा नमुना स्वच्छ पुसून पुन्हा फळीवर जाऊन बसायचा, लाल रंगात, नंबर घालून. त्याला कधी कुणी वापरलं नाही, त्याच्यावर कधी कुणी बसलं नाही. आता माझ्यापुढे ती पेटी होती आणि तिच्यानंतर काहीच होणार नव्हतं. ती कशात ओतली जाणार नव्हती. हीच वस्तू. मला याची इतकी धास्ती वाटेल हे ठाऊक नव्हतं, या वयात माणसाला धास्तीसुद्धा ओळखीच्याच वाटायला हव्यात. आणि बसल्याबसल्या एकेक आठवायला लागलं. मुलीला शाळेचे बूट नेहमी एक नंबर मोठे घ्यायचो, बायको कापूस भरून द्यायची. तिला इंजिनिअरिंगला जायचंय म्हणाली तेव्हा तोंडानं शाबास म्हणालो आणि मनात ते आकसून डिप्लोमा होईल असं धरून ठेवलं. ती इंजिनिअर झाली तेव्हा आनंदाआधी मला गोंधळल्यासारखं झालं. कुणी येतो म्हणालं की उशिरा येईल असं धरायचं. सुट्टीत चार दिवस म्हटलं की तीन. लग्न ठरलं तेव्हा बायको बोलकी आहे असं सांगण्यात आलं होतं, तेही मी थोडं कमी करून घेतलं होतं, आणि ते नेमकं बरोबर निघालं, म्हणून सवय पक्की झाली. गरम असतं तेव्हा सगळं मोठं दिसतं, निवलं की खरं काय ते कळतं, असं माझं सगळं चालायचं. कुणाचं नुकसान झालं नाही यात. फक्त कुठल्याच गोष्टीवर पूर्ण वजन टाकून मी कधी बसलो नाही.

संध्याकाळी मी मेहुण्याला फोन केला. सोमवारपासून येतो म्हणालो. त्याला इतका आनंद झाला की मला वाईट वाटलं. "ताईला सांगितलंत?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, सांगतो. पाववालीला शनिवारी दुसरी पेटी द्यायची, ती बसो न बसो, सोमवारची खुर्ची हाताशी असलेली बरी, असा माझा हिशोब होता. दोन्ही डगरींवर हात, म्हणतात ना. फोन ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, फक्त झोप आली. बायको घरी आली, जेवताना तिनं विचारलं, "काय झालं पेटीचं?" मी म्हणालो, बसली नाही, पट्टी चुकीची होती. पट्टीचं सगळं सांगितलं. मेहुण्याचं सांगितलं नाही. ती ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "म्हणून तुम्ही केलेल्या पोळपाटावर पोळ्या मोठ्या होतात." मग तिला हसू आलं आणि तिनं तोंडावर पदर धरला. ती दमलेली असली की अशी हसते.

दुसरी पेटी मी बाजारातून आणलेल्या साध्या टेपनं आखली. पोलादी पट्टी माळ्यावर टाकली. देवदाराच्या फळ्या उरल्या होत्या, त्याच घेतल्या. आखली, कापली, रंधा मारला, कोपऱ्याचे दाते कातले, सरस न लावता नुसती जुळवून पाहिली. पुन्हा जास्त. पहिलीइतकी नाही, पण जास्त. टेपनं आखलेल्या रेघेच्या बाहेरून माझी करवत गेली होती, चारही फळ्यांना, न चुकता. हात म्हणत होता, राहू दे थोडं, पुढं लागेल. मी हाताकडे बघत राहिलो. जुन्या शिपायासारखा तो उभा होता, साहेब बदलला तरी सलाम तोच. दाते कातून झाले होते, आता तासून कमी करता येणार नव्हतं, आणि पुन्हा फळ्या आणायच्या म्हणजे वखारीपर्यंत जाणं आलं. मी गेलो, आणल्या, आणि व्हरांड्यात त्यांच्यापुढे स्टुलावर बसून राहिलो. करवत हातात घ्यायचं मन होईना. फरशांचं दुकान डोळ्यांपुढे येई, थंडगार, गुळगुळीत, सगळं आधीच कुणीतरी कापून ठेवलेलं. खरं सांगतो, त्या वेळी मला तिथं जावंसं वाटत होतं. कंटाळ्याची एक जागा असते, तिथं बसलं की पाय दुखत नाहीत.

बायकोची पाळी बदलली होती, ती दुपारीच आली. हातपाय धुऊन तशीच व्हरांड्यात आली, कोपऱ्यातला पाट ओढून बसली. "कागद द्या," म्हणाली. पाववालीच्या चौकटीची मापं लिहिलेला कागद मी दिला. "आता मी सांगते, तुम्ही कापा. तुमचं डोकं चालवू नका." मी म्हणालो, तुला यातलं काय कळतं? "काही कळत नाही, म्हणूनच," ती म्हणाली. मग तिनं टेपचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली धरलं, दुसरं हातात, आणि खिडकीवर माणसांना औषध सांगते त्या आवाजात माप वाचलं, सकाळी एक, रात्री एक, अशा आवाजात. त्यात वाढवायला कमी करायला जागाच नव्हती. तिनं पेन्सिलीनं स्वतः खूण केली आणि म्हणाली, "इथं. याच्यावरच." मी करवत लावली. "बाहेर जातेय," ती म्हणाली. मी सरळ केली. "अजून बाहेर आहे." मला राग आला. इतक्या वर्षांच्या कामात मला करवत कुठं धरायची हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला तसं बोललोही. तिनं पेन्सिल कानावर ठेवली. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? मग खुणेवर कापा." मी खुणेवर कापलं. फळीचा तुकडा खाली पडला तेव्हा मला ती आखूडच वाटली, कुणीतरी अंगठ्याचं टोक छाटल्यासारखी. तिनं टेप लावून पाहिली आणि पुढचं माप वाचलं. दोन बाजू उभ्या केल्या तेव्हा तिनं मान वाकडी करून पाहिलं. "या वर जाताना बाहेर का कलल्यात?" मी म्हणालो, थोडा उतार द्यावाच लागतो, नाहीतर वाळूतून निघत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. "इथं वाळू कुठंय?" मी रंधा उचलला. आतल्या कोपऱ्यांना मात्र मी नेहमीसारखी गोलाई दिली, फाउंड्रीत नमुन्याच्या कोपऱ्यात मेण भरायचो तशी नव्हे, लाकडाचीच पट्टी बसवून. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे राहू दे. पावाचा चुरा अडकणार नाही." तेवढी एक सवय पास झाली. दिवेलागणीपर्यंत पेटी उभी राहिली. अंगात काही उरलं नव्हतं. तिच्या केसांत भुसा होता आणि तो झटकायचं तिला सुचत नव्हतं, आणि मला वाटलं आत्ता सांगून टाकावं, तुझ्या भावाला मी हो म्हटलंय. पण ती उठली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमटी गरम करते," आणि गेली. माझं राहून गेलं.

शनिवारी पेटी बसली. वेल्डर आणि मी, तसेच दोन्ही बाजूंनी धरून उभे, हात सोडले, आणि ती खाली गेली. आवाजही फारसा झाला नाही, दार ओढून घेतल्यासारखा एक. वेल्डर म्हणाला, "काढून दाखवा बघू आता," आणि चौकटीचे चार बोल्ट आवळले. पाववालीनं ट्रे घातले, खालचा, मग वरचा, हँडल धरून सायकल खडबडीत जागेवरून नेऊन आणली. काही वाजलं नाही. मी कौतुकाची वाट बघत होतो हे लपवण्यात अर्थ नाही. ती म्हणाली, "झाकण डावीकडून उघडायला हवं होतं. मी डावरी आहे." मग म्हणाली, "असू दे, उरलेल्या तिघी उजव्या हाताच्या आहेत. त्यांच्या सायकली सोमवारी बघायला या. सकाळी नको, सकाळी आम्ही पाव टाकतो." आणि सायकलीवर टांग टाकून निघून गेली. सोमवारी. वेल्डरनं चहा मागवला. मी स्टुलावर बसलो. तीन पेट्या म्हणजे तीन वेळा हेच सगळं. तीन वेळा तीच धास्ती. आनंद होता, पण तो कुठंतरी बाजूला उभा होता, गर्दीत ओळखीचा माणूस लांबून दिसावा तसा.

चहा तसाच ठेवून मी रस्त्याच्या कडेला गेलो आणि मेहुण्याला फोन लावला. कसं सांगावं याची मी मनात जुळवाजुळव केली होती. माफ कर म्हणायचं, तुला तोंडघशी पाडलं म्हणायचं. त्यानं मला बोलूच दिलं नाही. "दाजी, ते झालं की. मी दुसरा माणूस ठेवलाय, परवाच. ताईनं सांगितलं ना मला." मी विचारलं, कधी सांगितलं? "तुम्ही फोन केलात ना, त्याच संध्याकाळी. मला काही पोटात ठेवता येत नाही, मी आनंदानं तिला कळवायला लगेच फोन केला, तर ती म्हणाली, हे येणार नाहीत, तू माणूस बघ. मी म्हटलं, ताई, दाजी तर आत्ता हो म्हणाले. तर म्हणाली, ते म्हणतील, त्यांचं तू ऐकू नकोस. तुम्ही दोघं एकदा काय ते ठरवत जा बुवा." तो हसत होता. मागं दुकानात कुणीतरी फरशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

त्याच संध्याकाळी. म्हणजे पहिली पेटी अजून जमिनीवर मोठीच्या मोठी पडली होती आणि दुसरीची एक फळीही कापलेली नव्हती, तेव्हा. जेवताना ती पोळपाटाला हसली तेव्हा तिला ठाऊक होतं. पाटावर बसून मापं वाचत होती तेव्हा मेहुण्याच्या दुकानात दुसराच कुणी बसला होता, आणि मी मात्र अंगात जोर नसताना त्या खुर्चीला मनातून टेकून करवत चालवत होतो. खुर्ची नव्हतीच. मी काही नसलेल्याला टेकलो होतो आणि पडलो नव्हतो. मला आधी संताप आला. मग भीती वाटली, जे होऊन गेलं त्याची. मी वेल्डरला काही न सांगता चालायला लागलो.

इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीपुढे रांग होती. मी रांगेत उभा राहिलो, मधे घुसायचं सुचलं नाही. माझ्यापुढे एक बाई होती, तिच्या कडेवरचं मूल माझा चष्मा ओढायला बघत होतं. भिंतीवरचा पंखा नुसता मान हलवत होता. माझी पाळी आली तेव्हा बायकोनं वर न बघताच हात पुढे केला. "चिठ्ठी?" मी म्हणालो, "बसली." तिनं मान वर केली. "ट्रे?" "तेही." "बरं झालं," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पाळी सकाळपासूनची होती. मी खिडकीच्या दांड्याला धरून उभा राहिलो. "तू भावाला माझा नकार कळवलास. त्याच दिवशी." तिनं नाकारलं नाही. "हो." मी म्हणालो, "मला सांगायचं तरी." ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही काम सोडून दुसरी नोकरी शोधत बसला असता." ते खरं होतं. मागचा माणूस खोकला. मला एकच विचारायचं होतं. "आणि ही पण बसली नसती तर?"

तिला तो प्रश्न कळला नसावा असं क्षणभर वाटलं. कपाळाला आठी घालून ती माझ्याकडे बघत होती, एखाद्या चिठ्ठीवरचं अक्षर लागत नसलं की बघते तशी.

"तर आणखी एक केली असतीत," ती म्हणाली.

मला तिथंच रडू आलं, एवढ्या माणसांसमोर. तिनं काउंटरवरच्या गठ्ठ्यातून कापसाचा एक बोळा काढून खिडकीतून माझ्यापुढे सरकवला आणि मागच्या माणसाच्या चिठ्ठीसाठी हात पुढे केला. "काका, तुमचं झालं असेल तर जरा बाजूला व्हा," तो माणूस म्हणाला. मी बाजूला झालो.